गाववार यादी

माझं काम नेमकं काय आहे, हे माझ्या आईला कधी नीट समजलं नाही.

"कॉम्प्युटरमधी तू करते काय?" ती विचारायची.

"याद्या करते."

"याद्या त पटवारीबी करते. त्याच्यासाठी एवढं शिकाले लागते काय?"

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाबा पुलगावच्या गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी गिरणीच्या दारावर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असलं तर त्याच्या जागी आत घेतलं जायचं, नाहीतर परत नाचणगावला यायचं. असल्या घरातून मी बी.एस्सी. झाले आणि वर वर्ध्याला एक वर्षाचा कॉम्प्युटरचा कोर्सही केला. तो करता आला याचं मला आजही अप्रूप आहे.

कोर्सला आमचे सर सांगायचे, डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. त्याला प्रश्न विचारायचा. त्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. नीट विचारला की उत्तराच्या ओळी पडद्यावर येतात. मी पहिल्यांदा क्वेरी चालवली तेव्हा ओळी आल्या, पण पुढे आकडे नव्हते. मला ते चुकल्यासारखं वाटलं. रेशनच्या रांगेपासून मतदार यादीपर्यंत मी पाहिलेल्या प्रत्येक यादीत नावाआधी आकडा होता. आकडा नसलेली यादी म्हणजे बटणं न लावलेला सदरा.

सर म्हणाले, "कोठारात ओळींना क्रमांक नसतो. पाहिजे असेल तर उत्तर येताना लावून घ्यायचा."

तो कसा लावायचा, यात माझे दोन रविवार गेले. शेवटी जमलं. उत्तरातली पहिली ओळ बाहेर पडली की तिच्यापुढे एक, दुसरीपुढे दोन, असं आपोआप मोजत जायचं. डाव्या बाजूला सरळ उभ्या रेषेत आकडे आलेले पाहून मला एवढा आनंद झाला की मी तो कागद घरी नेला. आईनं तो उलटा धरून पाहिला आणि म्हणाली, "चांगला हाय."

सरांच्याच ओळखीनं मला देवळीच्या बाजूला एका धर्मादाय दवाखान्यात काम मिळालं. दवाखाना लहान होता. पण दर हिवाळ्यात तिथं मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं शिबिर भरे. नागपूरहून डोळ्यांचे मोठे डॉक्टर येत, आणि दवाखान्याला लागून असलेल्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीत वर्गांमधली बाकं हलवून गाद्या टाकत. शिबिराची सगळी व्यवस्था एक निवृत्त हेडमास्तर पाहत. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. आधीच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी त्यांनी स्वतःच्या हातानं, निळ्या शाईत नाव आणि लाल शाईत गाव, अशा रजिस्टरात केलेल्या होत्या. मला ते रजिस्टर दाखवून म्हणाले, "पोरी, यंदा तुझ्या मशीनवर करू. पण खाडाखोड चालणार नाही, सांगून ठेवतो."

"मशीनवर खाडाखोड दिसतच नाही गुरुजी," मी म्हणाले होते. तेव्हा मला हे कौतुकाचं वाटलं होतं.

त्या शिबिराला मी आमच्या गावच्या शिंपीकाकांना आणलं होतं. काकांचं दुकान म्हणजे घराच्या ओट्यावरचं मशीन आणि भिंतीला एक खुंटी. मी कॉलेजला निघाले तेव्हा माझा पहिला पंजाबी ड्रेस त्यांनी शिवला होता, आणि कॉलेजातल्या मुलींचे ड्रेस कसे असतात ते बघायला त्याआधी खास पुलगावच्या बाजारात जाऊन आले होते. लहानपणी विटी लागून त्यांचा डावा डोळा गेलेला होता. सगळं आयुष्य त्यांनी उजव्या डोळ्यावर शिवलं. त्या उजव्यात आता मोतीबिंदू पिकला होता. सुईत दोरा शेजारणीकडून ओवून घ्यायचे. गावातली गिऱ्हाइकं हळूहळू पुलगावला जायला लागली. त्यांच्याकडे राहिल्या त्या फक्त बाजाराच्या पिशव्या, कारण पिशवीची शिवण वाकडी आली तरी कोणी बोलत नाही.

मी त्यांना शिबिराचं सांगितलं तेव्हा त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"दोन असते त एखादा देऊन पाह्यला असता," ते म्हणाले. "माह्याजवळ एकच हाय. तो गेला त मी गेलो."

"काका, मोठे डॉक्टर आहेत. आणि मी आहे ना तिथं."

"तू राहशीन?"

"तीनही दिवस."

"मंग येतो."

ते माझ्या शब्दावर आले. हे मी लिहून ठेवते, कारण ऑपरेशनच्या दिवशी मला तेच सारखं आठवत होतं.

नोंदणीच्या दिवशी सकाळी सगळ्यांत आधी आंजीची जीप आली. तिच्यातून सात जण उतरले. त्यांच्या मागोमाग पहिल्या एसटीनं काका आले. त्यांच्यामागे सेलूच्या दोघी जावा आल्या. मोठीला लगेच आत घेतलं. धाकटी चप्पल शोधत मागे राहिली आणि पार वीस जणांच्या मागे पडली. मग भिडी, देवळी, इकडची तिकडची गावं. दुपारपर्यंत एक्केचाळीस नावं झाली.

पद्धत अशी होती. मी नाव, गाव, वय टाइप करायचे. पेशंट आत तपासणीला जायचा. तिथं कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन ते ठरे, आणि एका यंत्रावर डोळा मोजून आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढत. हा नंबर चष्म्यासारखा माणसागणिक वेगळा असतो. काकांचा निघाला साडेबावीस. सगळं केसपेपरवर लिहून माझ्याकडे येई. मग मी क्वेरी चालवून यादी काढली: क्रमांक, नाव, गाव, डोळा, भिंगाचा नंबर. टेबलात, म्हणजे कोठारातल्या मूळ तक्त्यात, मी क्रमांक ठेवलेलाच नव्हता. तो माझ्या युक्तीनं, उत्तर येता येता लागत होता. नोंदणी ज्या क्रमानं झाली त्याच क्रमानं ओळी आल्या, म्हणून आंजीचे सात जण एक ते सात, काका आठ, सेलूची मोठी जाऊ नऊ. सिस्टरनं त्या यादीवरून प्रत्येकाच्या कपाळावर चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनानं आकडा लिहिला. ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्या भुवईवर आणखी एक छोटी पट्टी.

मग गाद्या वाटायला सुरुवात झाली आणि सेलूच्या आजीनं, म्हणजे त्या मोठ्या जावेनं, वर्गाच्या दारात बसकण मारली.

"मी नाई जात आत."

"का हो आजी?" गुरुजी म्हणाले.

"माही जाऊ तिकडच्या खोलीत. मी इकडच्या खोलीत. डोये बांधून टाकसान, मंग मले दिसन का ती? मले कोण नेईन बाहेर?"

"आयाबाई आहेत ना."

"आयाबाई तुमच्या. जाऊ माही हाय. चाळीस वर्स एका चुलीवर भांडलो आम्ही. तिच्या खाकऱ्यावरून मले समजते ते जागी हाय का झोपली."

धाकटी जाऊ तिकडच्या दारातून ओरडली, "अवो या ना इकडं! माह्या बाजूची देवळीची बाई नुसती घोरून राह्यली, अजून ऑपरेशन नाई होत त!"

हसू पिकलं. पण मग भिडीचे लोकही म्हणाले, आम्हालाही एकत्र टाका. देवळीचेही म्हणाले. डोळे बांधल्यावर माणसाला ओळखीचा आवाज जवळ पाहिजे असतो, हे खरंच होतं. गाद्या नंबरानं घातल्या होत्या आणि नंबर आलेल्या क्रमानं होते, त्यामुळे गावं फुटली होती.

गुरुजी माझ्याकडे आले. "गाववार यादी निघेल का ग? माझ्या रजिस्टरात करायची म्हणजे सगळं परत लिहावं लागतं."

"दोन मिनिटांत," मी म्हणाले.

क्वेरीत एकच सूचना वाढवायची होती: गावाप्रमाणे लाव. मी नावं आणि गावं इंग्रजी अक्षरांत टाकली होती, त्यामुळे ए पहिला, म्हणून आंजी वर आलं, मग बी म्हणून भिडी, मग देवळी, आणि एस म्हणून सेलू पार शेवटी. प्रिंटर करकरत चालला. यादी आली, डाव्या बाजूला एक ते एक्केचाळीस, एकही आकडा न चुकता. मी वर्गात नावं वाचून दाखवली आणि लोक आपापल्या गावाच्या ओळीत गेले.

"आमचं सेलू शेवटी काऊन?" आजीनं विचारलंच.

"इंग्रजीत एस शेवटाकडे येतो आजी."

"इंग्रजाले काय माईत सेलू कुठं हाय ते," ती म्हणाली आणि जावेच्या शेजारी गादीवर पडली.

गुरुजी फार खूश झाले. त्यांनी आधीच्या याद्या गोळा केल्या आणि स्वतः फाडल्या. "एका कामाला एकच यादी. दोन असल्या की गोंधळ होतो." हे त्यांचं आयुष्यभराचं शिस्तीचं वाक्य होतं आणि एरवी ते खरंही आहे. नव्या यादीची एक प्रत वर्गाच्या दारावर लागली आणि एक ऑपरेशन थिएटरमध्ये गेली.

नवी यादी लावताना मी काकांची ओळ पाहिली होती. तिच्यापुढे सव्वीस होतं. मी ते पाहिलं, आणि काका तेव्हा समोरच्या गादीवर कपाळावर आठ घेऊन बसलेले होते. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. यादीही माझी होती आणि काकाही माझेच होते. दोघांना जोडून पाहायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला डॉक्टरांनी सुरुवात केली. थिएटरच्या दाराशी सिस्टर नंबर पुकारे. कपाळावर तो नंबर असलेला माणूस उठून येई. सिस्टर यादीत त्या आकड्यापुढची ओळ वाचे, आत डोळा कोणता ते सांगे आणि त्या नंबरच्या भिंगाची डबी काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवे. एक जण टेबलावर असला की पुढचा दारापाशी स्टुलावर बसलेला असे. मी शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरवर होते. मधलं दार उघडं होतं.

आंजीचे सात जण झाले. मग "आठ नंबर" असं ऐकू आलं. काका भिंतीला हात लावत आले.

"शाळेत माहा नंबर आठच होता," ते सिस्टरला सांगत होते. "दुसरीत शाळा सुटली, नंबर काई सुटला नाई."

"चला आजोबा, आत चला."

ते आत गेले. दार लागलं. सिस्टरनं नऊ नंबरला स्टुलावर बसवलं. ती सेलूची आजी होती. काल सगळ्या शिबिराला वेठीला धरणारी ही बाई थिएटरच्या दारात आल्याबरोबर गोगलगाय झाली. दोन्ही हात मांडीवर, मान खाली.

"आजी, उजवा डोळा ना?" सिस्टरनं यादी पाहून विचारलं.

"हो जी."

"साखरेची बिमारी आहे का?"

"हो जी."

"सकाळी काही खाल्लं नाही ना?"

"हो जी."

"खाल्लं का आजी?"

"हो जी... नाई जी."

थेंब घालणाऱ्या आयाबाई, ज्यांना सगळे मावशी म्हणत, शेजारी उभ्या होत्या. त्यांना हसू आलं. "सिस्टर, तुमी तिले म्हणाल तू दिल्लीची राणी हाय का, तरी ते हो जी म्हणीन. पांढऱ्या कोटाले आमचे लोक नाई कधी म्हणतच नाई." मग त्या थांबल्या. "पर उजवा कसा? म्या हिच्या डाव्यात थेंब टाकून राह्यली सकाळपासून. पट्टीबी डाव्यावरच हाय."

सिस्टरनं यादी डोळ्यांजवळ नेली. मग मोठ्यानं म्हणाली, "अहो मॅडम! तुमच्या कॉम्प्युटरनं आजीचे आजोबा केले की! नऊ नंबरला इथं भिडीचा पुरुष लिहिलाय."

मी उठून गेले. यादी पाहिली. आजीच्या कपाळाकडे पाहिलं. आणि मला सगळं एकदम समजलं. कपाळावरचा नऊ कालच्या पहिल्या यादीतला होता. हातातला नऊ दुसऱ्या यादीतला होता. गावाप्रमाणे लावताना ओळी हलल्या, आणि माझ्या युक्तीनं हललेल्या ओळींना पुन्हा एकपासून आकडे लावून दिले. यादीतल्या आकड्यांचा आणि समोरच्या माणसांचा काही संबंध राहिला नव्हता.

मी यादीत आठवी ओळ पाहिली. भिडीचेच एक गृहस्थ. उजवा डोळा. भिंग अठरा.

काकांचाही उजवाच डोळा. म्हणून कोणाला शंका आली नव्हती. पण काकांचं भिंग साडेबावीस होतं.

केसपेपरचा गठ्ठा माझ्या टेबलाखाली होता. तो मी कसा उपसला ते आठवत नाही. काकांचा कागद घेऊन धावत आले तोवर सिस्टर स्टुलापाशीच होती. थिएटरचं दार बाहेरच्यांनी उघडायचं नसतं, हे मला माहीत होतं. मी दार बोटभर उघडलं आणि आयुष्यात कुठल्याही साहेबासमोर जेवढा आवाज काढला नव्हता तेवढा काढला.

"डॉक्टर, भिंग घालू नका! भिंगाचा नंबर चुकलाय!"

आतून डॉक्टरांचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा. "अजून मोतीबिंदूच बाहेर आलेला नाही. खडकासारखा झालाय यांचा. काय चुकलंय?"

"अठरा नाही. साडेबावीस आहे."

"कशावरून?"

"केसपेपर आहे माझ्या हातात."

"नाव वाचा."

मी काकांचं पूर्ण नाव वाचलं. डॉक्टर टेबलावर वाकून म्हणाले असावेत, "बाबा, तुमचं नाव काय?"

हिरव्या कापडाखालून काकांचा आवाज आला, "ते पोरगी सांगून राह्यली ना, तेच."

"डबी उघडली का?" डॉक्टरांनी आतल्या मदतनिसाला विचारलं.

"नाही सर. सील तसंच आहे."

"साडेबावीस काढा." आणि मग माझ्यासाठी: "दार लावा. थंडी येते."

मी दार लावलं. पण एक गोष्ट राहिली होती. सिस्टरनं ती आधी बोलून दाखवली, हळूच, आजीला ऐकू जाणार नाही अशी. "आधीचे सात?"

आंजीचे सात जण वर्गात पडलेले होते, डोळ्यांवर पट्ट्या, आपसात गप्पा मारत. मी आणि मावशी सातांचे केसपेपर घेऊन जमिनीवर बसलो. मावशींना वाचता येत नव्हतं. त्या चादर उचलून पट्टी कोणत्या डोळ्यावर ते सांगत, मी कागद आणि वापरलेल्या डब्यांवरचा नंबर ताडून पाहत होते. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा बरोबर. सातही बरोबर.

आंजीचे लोक सगळ्यांत आधी आले होते, म्हणून पहिल्या यादीत एक ते सात होते. आंजी ए अक्षरानं सुरू होतं आणि गावाच्या आत नोंदणीचाच क्रम राहिला होता, म्हणून दुसऱ्या यादीतही ते एक ते सातच राहिले. त्यांची जीप अर्धा तास उशिरा आली असती तर सात चुका झाल्या असत्या. मी तिथंच फरशीवर भिंतीला टेकून बसले. मावशींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "उठ माय. काका व्हायचे हायेत अजून."

काकांचं झाल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी काम दहा मिनिटं थांबवलं. चहा आला. मी त्यांना सगळं सांगितलं, क्वेरी, गाववार लावणं, आकडे. सांगताना मला वाटत होतं की आता मला घरी पाठवतील, आणि पाठवलं तर ते योग्यच आहे. गुरुजी मध्येच म्हणाले, "जुनी यादी मी फाडली, डॉक्टर. तिनं नाही. ती असती तर सिस्टरला दोन्ही दिसल्या असत्या." इतक्या मोठ्या माणसानं माझ्या चुकीतला अर्धा वाटा असा उचलून स्वतःच्या अंगावर घेतलेला मी पहिल्यांदा पाहिला.

डॉक्टर म्हणाले, "अठराचं बसलं असतं तर पुन्हा काढावं लागलं असतं. एकाच डोळ्यावर दोनदा हात. ती वेळ आली नाही. आता ही यादी बाजूला ठेवा. उरलेले सगळे कागदावरून करू. आणि तुम्ही, मॅडम, दारात उभं राहायचं, कागद घेऊन."

'मॅडम' म्हणाले. घरी पाठवलं नाही. मी आयुष्यात पुष्कळांची ऋणी आहे, पण त्या दुपारी त्या माणसानं मला दारात उभं केलं, त्याचं मोल मी अजून सांगू शकत नाही.

उरलेल्या तेहतीस जणांसाठी आम्ही एक रीत बसवली. ती मावशींनी सुचवली. "तुहं नाव अमुक का, असं इचारू नको. ते हो जीच म्हणीन. नाव काय ते त्याच्या तोंडून काढाले लाव." म्हणून मी प्रत्येकाला विचारलं: नाव काय, गाव कोणतं, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव काय, कोणता डोळा. उत्तर केसपेपरशी जुळलं तरच दार उघडायचं. सेलूच्या आजीनं नवऱ्याचं नाव घ्यायला नकार दिला. तिच्या जावेला आणून ते वदवून घ्यावं लागलं. जावेनं ते मोठ्या आनंदानं घेतलं, दोनदा.

संध्याकाळच्या आत एक्केचाळीस पूर्ण झाले. मी एकेका कागदावर खूण केली. शेवटची खूण केल्यावर मी बाहेर जाऊन हापशावर तोंड धुतलं, आणि पाणी एवढं गार होतं तरी खूप वेळ तिथंच ओल्या हातांनी उभी राहिले.

पुढं मी पुष्कळ मोठे डेटाबेस हाताळले. ओळींना क्रमांक लावायच्या चांगल्या, सोप्या सोयी पुढे आल्या, आणि त्या मी आनंदानं वापरते. पण तो क्रमांक त्या एका उत्तरापुरता असतो, हे मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते. प्रश्न थोडा बदलला, क्रम बदलला, एक माणूस वाढला, की तोच आकडा दुसऱ्याचा होतो. जो आकडा माणसाबरोबर राहायला हवा, तो नोंदणीच्या वेळी एकदाच द्यायचा, टेबलात स्वतंत्र रकान्यात लिहून ठेवायचा, आणि नंतर कितीही वेळा यादी वरखाली केली तरी त्याला हात लावायचा नाही. त्याच आठवड्यात मी तो रकाना वाढवला. पुढच्या हिवाळ्याच्या शिबिरातही गाववार गाद्या घातल्या, कारण ती गोष्ट चांगलीच होती. फक्त यादीत काकांसारख्या माणसाच्या ओळीपुढे सव्वीस आलं नाही. जो त्याच्या कपाळावर होता तोच आकडा आला, मग ओळ वर असो की खाली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात पट्ट्या सोडल्या. पेशंट उन्हाकडे पाठ करून ओळीनं बसले होते. डॉक्टर एकेकासमोर बोटं धरत होते. काकांची पट्टी निघाली तेव्हा मी खांबाआड उभी होते. मला पुढे व्हायचा धीर होत नव्हता.

"किती बोटं?"

"तीन. अन् मधल्याचं नख वाढलं तुमचं साहेब."

डॉक्टर हसत पुढच्याकडे गेले. काकांनी डोळा बारीक करून इकडेतिकडे पाहिलं आणि मला खांबाआडून हेरलं.

"इकडं ये. हे घातलं काय तू? रेडिमेड आणलं का?"

"हो काका. वर्ध्याहून."

"डावा खांदा पाह्य कसा उतरला. पैसे घेऊन असं शिवते काय कोणी? गावाले आली की आणून देजो, बसवून देतो."

मला रडू आलं. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि जे झालं ते सगळं सांगितलं. दोन याद्या, आठ आणि सव्वीस, अठरा आणि साडेबावीस. तुम्ही माझ्या शब्दावर आलात आणि माझ्याच हातून हे झालं असतं, असंही सांगितलं.

"म्हंजे माह्या डोयात माहंच बसलं ना?"

"तुमचंच, काका. साडेबावीस."

"अन् ते अठराचं? ते ज्याचं होतं त्याले भेटलं का?"

"भिडीचे आहेत ते. ते बघा, तिसरे. त्यांना त्यांचंच भेटलं."

काकांनी मान वळवून त्या भिडीच्या माणसाकडे नीट पाहिलं. तो डॉक्टरांची बोटं मोजत होता.

"मंग काऊन रडून राह्यली व?" ते म्हणाले. "जाय, त्यालेबी चहा सांग अन् मलेबी."